समईचा माळ

सोलापूरला जायचं म्हटलं की पुण्याची माणसं आधी उन्हाचं भय घालतात आणि मग पाण्याचं. "टोपी विसरू नका," असं एकाने बजावलं, "पाणी उकळून प्या," असं दुसऱ्याने. भाद्रपद चालू होता, ऊन बेताचंच होतं आणि पाणी मी उकळूनच प्यालो. मला जे बाधलं ते वेगळंच होतं. पण ते क्रमाने सांगतो. सत्काराला येऊ न शकलेल्या सभासदांनी माझ्याकडे सविस्तर वृत्तान्त मागितला आहे. तो त्यांनी आता नीट, शेवटपर्यंत वाचावा.

मंडळाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. घरोघरी विलायती गुलाब आणि क्रोटनच्या कुंड्या मिरवण्याचे हे दिवस. अशा दिवसांत आपल्या मातीतली रानटी झाडंझुडपं ओळखावीत, जपावीत, एवढ्याच हौसेने जमलेलं आमचं लहानसं वनस्पती मंडळ आहे. मी त्याचा चिटणीस. म्हणजे मासिक काढायचं, पत्रांना उत्तरं द्यायची आणि सगळ्यांची बोलणी खायची. दरवर्षी आम्ही निष्ठेने काम करणाऱ्या दोन सभासदांचा त्यांच्या भागात जाऊन सत्कार करतो. यंदा सोलापूरचे कापडवाले तम्मण्णा, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, आणि कुर्डुवाडीचे डॉक्टर साठे हे दोघे ठरले.

अण्णांचं नाव निघालं की समई आलीच. खरपुडीच्या जातीतली ही एक वेल. जमिनीखाली सुपारीएवढा कंद, वर वीतभर दोरा आणि त्याला बोटाच्या पेराएवढं फूल. बुडाशी फुगीर, मधे मान बारीक आणि वर पाकळ्यांची टोकं जुळलेली, घरातली पेटवलेली समई असावी तसं. अण्णांना ती फार वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका माळावर सापडली. तिथून पुढे आमच्यापैकी कोणालाही ती दुसरीकडे कुठे दिसली नाही. मी तर पाहिलीच नव्हती. दरवर्षी जाईन म्हणायचो आणि मासिकाच्या घोळात राहून जायचं. या खेपेला पेन्सिली आणि कागद बरोबर घेतले होते. तिचं चित्र काढून मुखपृष्ठावर छापायचं मनात होतं.

गाडीत

अण्णांचं मानपत्र काचेच्या चौकटीत घालून न्यावं ही कल्पना आमचे अध्यक्ष रावसाहेब यांची, आणि ते मांडीवर सांभाळायचं काम माझं. मजकूरही मीच लिहिला होता. त्यात एक वाक्य जमून आलं होतं: "समई आपण निर्माण केली नसेल, पण आज ती या भूमीवर फुलते आहे ती केवळ आपल्या राखणीमुळे." हे वाक्य मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं. माणूस स्वतःच्या अक्षरावर खूष असतो तसा मी त्या वाक्यावर खूष होतो.

दौंडला एक बाई चढल्या. बरोबर वळकटी, डबे आणि एक दगडी पाटा. "एवढा धरा हो दादा," म्हणून त्यांनी पाटा माझ्याकडे दिला, मी भिडेखातर हात पुढे केले आणि चौकटीची काच तडकली. बाई फार हळहळल्या.

"देवाचा फोटू हुता का हो?"

"नाही. मानपत्र आहे."

"मग काय न्हाय, कागदच हाय की," असं म्हणून त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि विषय संपवला.

लाडू उत्तम होता. बाहेर झाडं कमी होत गेली आणि आकाश वाढत गेलं. आम्हा पुणेकरांना क्षितिज म्हणजे कुठली तरी टेकडी असते. इथे नजर अडवायला काही नाही. पहिल्यांदा मोकळं वाटतं, मग थोडी भीती वाटते.

नवी पेठ

अण्णांचं दुकान नवी पेठेत, लुगड्यांचं. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून हाक आली, "बर्री, बर्री! या की आत! चिटणीससाहेब न्हवं का? चालीवरनं वळखलं. लई घाबरत पाय टाकता!"

मला ते चालीवरून ओळखत होते कारण त्यांना डोळ्यांनी ओळखता येत नव्हतं. दोन वर्षांत मोतीबिंदूने दोन्ही डोळे धुरकट झाले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात स्वच्छ सदरा, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठे तरी. मला कोणी पत्रात हे कळवलं नव्हतं. अण्णा हसत होते. "माल हाताला कळतो की. गिऱ्हाईक आवाजानं कळतं. काय अडलंय?"

तडकलेली काच शेजारच्या काचवाल्याने बदलून दिली आणि त्यासाठी मानपत्र उलटंसुलटं करून वाचून घेतलं. "तम्मण्णाशेठ झाडंझुडपंबी बघतात व्हय?" त्याने विचारलं. एकाच गल्लीत जन्म गेला तरी त्याला हे ठाऊक नव्हतं. 

जेवायला अण्णांची सून गौराक्का वाढत होत्या. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, दही आणि शेंगांची चटणी. आमच्याकडे भाकरी मऊ असली तर सुगरणीचं कौतुक, इथे ती पापडासारखी वाजली पाहिजे. आणि आमच्याकडे "आणखी वाढू का?" हा प्रश्न निरोपाचा असतो, इथे तो विचारतच नाहीत, वाढतातच. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. "तिखट न्हाय ओ ते," गौराक्का म्हणाल्या, "नुसतं लाल हाय."

जेवणानंतर अण्णांनी मला समोर बसवलं, माझ्या कपाळाला विभूती लावली आणि वचन मागितलं. समईची जागा कुणाला सांगायची नाही. घरात नाही, बाहेर नाही आणि मंडळातल्या दुसऱ्या सभासदालासुद्धा नाही.

"सभासदालाही नाही?"

"न्हाय. जो येतो त्याला मी सोता सांगतो, विभूती लावून. आजवर एकानंबी वचन मोडलं न्हाय. आपली मानसं तशी हायेत." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. "दोन वरसं झाली, माझं मलाच जाता येईना. पन येनारे सांगतात, अण्णा, हाय, झकास हाय. उद्या तुमी डोळ्यांनी बघा, मी हात लावतो. तेवढंच मला पायजे. तुमची ती शाल बिल नंतर."

माळ

सकाळी टांगा अक्कलकोटच्या रस्त्याने निघाला. गिरण्यांची धुराडी मागे पडली, तांबडा मुरूम लागला. टांगा सोडून आम्ही पायी निघालो. म्हणायला मी अण्णांचा हात धरला होता, पण खरं तर तेच मला नेत होते. तळव्याला मुरूम लागला की डावीकडे, उतार लागला की सरळ. तरवड पिवळ्याधमक फुलला होता, गवत कमरेला लागत होतं आणि वाऱ्याबरोबर सगळा माळ एकदम वाकत होता. इतका सुंदर माळ मी पाहिला नव्हता. मी तसं म्हणालोही, आणि अण्णा पाहुण्याने घराची तारीफ करावी तसे लाजले.

"हितं," ते थांबून म्हणाले. "मोठा धोंडा, त्याच्या अंगाला तरवड. बघा की आता."

मी पाहिलं. धोंडा होता, तरवड होता. समई नव्हती. मी गुडघ्यावर बसलो, गवत बाजूला केलं, तरवडाची प्रत्येक फांदी हाताने चाचपली. जिकडेतिकडे जमिनीवर तळहाताएवढे गोल दिसत होते. तिथे गवत विरळ होतं आणि माती भुसभुशीत.

"दिसली?"

मी पुन्हा गवत चाळू लागलो. अण्णा खाली बसले आणि हात फिरवू लागले. त्यांची बोटं एका गोलात गेली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. 

"उंदीर असतील," मी म्हणालो.

"उंदीर माती सारकी करून जात न्हाय साहेब."

थोड्या अंतरावर एक बाई गवत कापत होती. मी तिला हाक मारून विचारलं, इथे कोणी खणायला येतं का? तिने विळा खाली ठेवला.

"येत्यात की. तुमच्यासारकीच मानसं. चष्मा, छत्री, पत्र्याचा डबा. एकेकटी येत्यात. लई जपून काढत्यात बगा, बाळंतपन केल्यागत. वल्या फडक्यात गुंडाळत्यात आन जाताना माती बी सपाट करून जात्यात. म्या म्हनलं अवशद असंल."

"दरवेळी वेगळा माणूस?"

"व्हय. दर टायमाला येगळं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. प्रत्येकजण जागा पाहून हरखला होता. प्रत्येकाला वाटलं, एवढ्या वेलींत माझी एक गेली तर काय होतंय? आपल्या अंगणात हिला जपू, वाढवू. आणि प्रत्येकाने वचन पाळलं! एकाने जरी तोंड उघडलं असतं, दोन सभासद जरी समईबद्दल मोकळेपणी बोलले असते, तरी कळलं असतं की आपल्याआधी कोणी तरी येऊन गेलं आहे. पण आमची माणसं प्रामाणिक. चोर असते तर त्यांनी एकमेकांत बढाया तरी मारल्या असत्या. मला इतका संताप आला की मी हातातला कागदांचा गठ्ठा धोंड्यावर आपटला. संताप कोणावर करायचा ते मात्र कळेना.

"यल्ला होयतु," अण्णा पुटपुटले. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाले, "सगळं गेलं." ते रडले नाहीत. सुटलेल्या मातीत पाणी मुरून आजूबाजूची मुळं कुजतील म्हणून ते हाताने एकेक गोल दाबून घट्ट करत राहिले. मी मदत केली. शेवटचा एक उरला, धोंड्याच्या अगदी कुशीतला. तो त्यांनी दाबला नाही, उलट बोटांनी उकरून खोल केला.

"कुणाच्या तरी घरी एक तर जगली असंल की साहेब. सगळ्यांचा जीव हाय तिच्यावर. एक मिळाली तरी बास. परत हितं लावतो. हा खड्डा मी बुजवत न्हाय." मग उठताना म्हणाले, "आनि आज ते राखनीचं वाक्य वाचू नका. कालच काचवाल्यानं मला ऐकवलंय."

सत्कार

शाळेच्या सभागृहात समारंभ होता. रावसाहेब पुण्याहून आले होते, आजूबाजूच्या तालुक्यांतून सभासद आले होते. दाराला आंब्याचा टहाळा, टेबलावर दोन शाली, दोन नारळ. मी पाहुण्यांत हिंडत एकेकाला कोपऱ्यात घेऊन विचारू लागलो. विचारायची खोटी, की प्रत्येकजण इकडेतिकडे पाहून माझ्या कानाशी लागे. "तुम्हाला म्हणून सांगतो. कुठे बोलू नका." एकाची पावसात कुजली होती. एकाची शेळीने खाल्ली. एकाने शेणखत घातलं आणि ती आठवड्यात पिवळी पडली. "अण्णांना विचारून सांगा ना, खताचं काही चुकलं का माझं?" हे विचारताना त्या गृहस्थांचा चेहरा इतका काळजीचा होता की विचारून सांगतो, असं मी म्हणून बसलो.

नातेपुत्याचे मास्तर सर्वांत शेवटी, गेल्या पावसाळ्यात, माळावर जाऊन आले होते.

"मी गेलो तेव्हा एकच होती हो," ते म्हणाले. "मला वाटलं, एकटी इथे गुरांच्या पायाखाली मरेल. वाचवावी म्हणून आणली."

"आणि?"

"वाटेत डबा तापला."

"आणि अण्णांना काय सांगितलंत?"

"सांगितलं, आहे म्हणून. पाहिली तेव्हा होतीच ना." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी त्यांना काहीतरी टाकून बोलायच्या तयारीत होतो, ते राहून गेलं.

एवढ्यात डॉक्टर साठे भेटले, दुसरे सत्कारमूर्ती. गोरेपान, उत्साही, खिशात कायम भिंग. मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "माझी पाहायला या हो! कुणाला सांगू नका, पण वेल मांडवावर गेलीय. पानं अशी तळहाताएवढी! फूल मात्र अजून नाही."

मी जवळजवळ पळतच अण्णांकडे गेलो आणि कानात सांगितलं. अण्णांनी माझं मनगट धरलं आणि मग कितीतरी वेळ सोडलंच नाही. दिवसभर राखेसारखा झालेला तो चेहरा पुन्हा माणसाचा झाला.

मग मानपत्र. मी वाचत गेलो आणि ते वाक्य अलगद गाळून पुढे गेलो. पण रावसाहेबांनी मजकूर आधी वाचलेला होता आणि त्यांना तो आवडलेला होता. "थांबा, थांबा चिटणीस, एक ओळ राहिली. उत्तम ओळ राहिली!" असं म्हणून त्यांनी चौकट माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं: "आज ती या भूमीवर फुलते आहे ती केवळ आपल्या राखणीमुळे." टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी कंद नेले होते त्यांनी सर्वांत जास्त वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. अण्णा शाल पांघरून, हात जोडून, नजर कुणाच्याच अंगावर नाही असे उभे होते. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

त्यांना बोलायचा आग्रह झाला. "मी बोलनारा मानूस न्हाय," ते म्हणाले. "तुमी सगळ्यांनी तिला लई जीव लावला. मला म्हाईत हाय." आणि बसले. लोकांना वाटलं, विनय.

कुर्डुवाडी

सकाळी स्टेशनवर अण्णा गौराक्कांचा हात धरून आले. हातात वेताची करंडी होती. तिच्यात माळावरची माती आणि थोडी वाळू. "ह्याच्यात ठेवा. हितलीच माती हाय, तिला परकं वाटायचं न्हाय. आनि पानी नका घालू वाटेत."

त्या करंडीसकट मी डॉक्टरांबरोबर गाडीत बसलो आणि माढ्याच्या आसपास त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातलं भिंग खाली पडलं. मग ते खिडकीबाहेर पाहत एवढंच म्हणाले, "आत्ताच घेऊन जा. परतीच्या गाडीने मीही तुमच्याबरोबर येतो अण्णांकडे." त्या क्षणी मला त्यांच्याइतका चांगला माणूस दुसरा दिसत नव्हता.

डॉक्टरांचं अंगण मोठं, झाडलेलं, सारवलेलं. विहिरीशेजारी बांबूचा मांडव आणि त्यावर हिरवीगार, दाट वेल. घर दिसायच्या आधी ती दिसली. "हीच!" डॉक्टर म्हणाले. मी जवळ गेलो. पान हातात घेतलं. बदामाच्या आकाराचं, मऊ, बारीक लव असलेलं. समईचं चित्र मी पाहिलं नव्हतं, पण अण्णांनी पान कसं असतं ते माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवलं होतं: अरुंद, जाडसर, गुळगुळीत. मी देठ मोडला. समईचा रस पाण्यासारखा असतो हे आमच्या मासिकात डॉक्टरांनीच लिहिलं होतं. या देठातून पांढराशुभ्र चीक आला, माझ्या अंगठ्यावरून ओघळला, आणि उतरणीचा तो उग्र वास सुटला. उतरण म्हणजे कुंपणाकुंपणावर माजणारी, शेतकरी ओढून फेकतो ती वेल. तिचं म्हातारीच्या केसांसारखं बी वाऱ्यावर उडत येतं आणि जिथे ओल सापडेल तिथे रुजतं.

डॉक्टर माझ्या अंगठ्याकडे पाहत होते.

त्यांनी स्वतः खुरपं आणलं आणि बुडाशी उकरलं. उतरणीची मुळं, आणि त्यांच्या खाली कांद्याच्या सालीसारखं काहीतरी, पोकळ. समईचा कंद कधीचा कुजून गेला होता. 

"मी रोज पाणी घालत होतो हो हिला," डॉक्टर म्हणाले. "रोज. दौऱ्यावर गेलो तरी घरी बजावून जायचो."

त्यांच्या बायकोने पोहे केले होते. आम्ही दोघांनी ते खाल्ले, कारण त्यांनी केले होते. गाडीच्या वेळी डॉक्टर स्टेशनवर आले नाहीत, आणि मी त्यांना या म्हणालोही नाही.

करंडी आता माझ्या टेबलाशेजारी आहे. माती वाळली आहे. अण्णांना पत्र लिहायला मी कितीदा बसलो. "तीर्थरूप अण्णा" एवढं होतं आणि पुढे लेखणी चालत नाही. पत्राऐवजी शेवटी हा वृत्तान्त लिहिला. तो मासिकात छापून सगळ्या सभासदांकडे जाईल, ज्यांचं वचन अजून अबाधित आहे त्यांच्याकडेही, आणि त्यांना एकमेकांविषयी एकदमच कळेल. नवी पेठेतही एक अंक जाईल. तिथे गौराक्का जेवणं आटोपल्यावर अण्णांना तो वाचून दाखवतात.

गौराक्का, इथपर्यंत वाचलंत तर जरा थांबा, त्यांना पाणी द्या, आणि मग माझ्यातर्फे एवढं वाचा: अण्णा, तो खड्डा बुजवून टाका.